शुक्रवारचे फुटाणे कोणासाठी?

सत्तरी ओलांडलेल्या मराठी माणसाचा आठवडा भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा स्वयंपाकघरात लवकर कळतो. सोमवारी बेलाची पाने आणि संध्याकाळी सोडायचा उपास, मंगळवारी गणपतीला जास्वंद, बुधवार पांडुरंगाचा, गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला पिवळी फुले आणि गुरुचरित्राचा एखादा अध्याय, शुक्रवारी देवीपुढे गूळ-फुटाणे, शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ. कोकणात आणि मुंबईत हाच आठवडा मासळीवरूनही वाचता येतो. कित्येक घरांत सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी ओट्यावर सुरमई दिसायची नाही, आणि रविवारी ती दिसली नाही तर कोणीतरी आजारी असावे असे शेजारी समजतात. नोकरी संपते, मुले आपापल्या घरी जातात, जोडीदार जातो, तरी हा क्रम चालू राहतो. का करता, असे विचारले तर शास्त्रातले उत्तर सहसा मिळत नाही. आमच्या सासूबाई करायच्या. वडिलांनी शनिवार कधी मोडला नाही. आईने सांगून ठेवलं होतं. एवढ्यावर विषय संपतो. देव आहे की नाही, असलाच तर त्याला फुटाण्यांचे काय, हे प्रश्न या माणसांना कधी पडत नाहीत असे मुळीच नाही. पण त्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत शुक्रवार थांबवून ठेवावा असे त्यांना वाटत नाही.

या उत्तरावर दोन प्रकारचे लोक नाराज होतात, आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध बाजूचे असतात. बुद्धिवादी म्हणतो, यात श्रद्धा कुठली, ही तर अंगवळणी पडलेली गोष्ट. अध्यात्म गंभीरपणे घेणारा म्हणतो, यात देव कुठे आहे, यात तर सासूबाई आहेत. उतारवयात मन घरादारातून काढून घ्यायचे सोडून ही बाई दर शुक्रवारी गेलेल्या माणसांत अधिकच गुंतते. एकाला त्यात सवय दिसते, दुसऱ्याला मोह, आणि श्रद्धा दोघांनाही दिसत नाही. कुटुंबाच्या आठवणीवर उभा असलेला आणि सवयीने चाललेला हा वारांचा धर्म खरी श्रद्धा मानायचा का? माझे उत्तर होय असे आहे. बहुतेक माणसांची श्रद्धा टिकते ती याच रूपात टिकते, आणि त्यातून कुटुंबाची आठवण काढून घेतली तर हाती राहते ते एक मत राहते, असे मी म्हणेन. हे ऐकायला गोड आहे, म्हणूनच ते नीट तपासून घेतले पाहिजे.

आधी आठवड्याचाच इतिहास पाहू. वेदांत वार नाहीत. यज्ञाचा काळ ठरायचा तो तिथी-नक्षत्रांवर, पक्षांवर, ऋतूंवर. सात ग्रहांच्या नावांचा आठवडा पुढे ज्योतिषाबरोबर आला आणि त्याची मुळे भारताबाहेर आहेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. दिवसाच्या प्रत्येक होऱ्याला एक ग्रह, आणि सूर्योदयाच्या होऱ्याचा जो ग्रह त्याचे नाव त्या दिवसाला, असा तो हिशेब आहे. चोवीस होऱ्यांत सातचे तीन फेरे होऊन तीन उरतात, म्हणून शनीनंतर रवी आणि रवीनंतर सोम. आपल्याकडे कोरीव लेखात वाराचा पहिला निश्चित उल्लेख सापडतो तो मध्य प्रदेशातल्या एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात, इ. स. 484 मध्ये, तो दिवस गुरुवार होता. म्हणजे ज्याला आपण सनातन म्हणतो त्या आठवड्याचे वय आपल्याकडे दीड-पावणेदोन हजार वर्षांच्या आसपास. उपासाच्या ताटाचे वय तर त्याहूनही कमी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची ही सगळी अमेरिका खंडातून आलेली पिके. राजगिऱ्याचे मूळही तिकडचेच. वरी आणि शिंगाडा तेवढे जुने सोबती. आणि शुक्रवारी आंबट न खाण्याचा संतोषीमातेचा नेम घराघरांत पोचला तो 1975 च्या हिंदी चित्रपटानंतर.

या माहितीचा उपयोग सहसा टिंगलीसाठी होतो: बघा, तुमची परंपरा किती अलीकडची. मला तिच्यातून वेगळी गोष्ट दिसते. साबुदाण्याची खिचडी उपासाला चालते हे कुठल्याही श्रुतीत असू शकत नाही, तरी लक्षावधी घरांत त्याबद्दल शंका नाही. मग ही खात्री आली कुठून? ती आईच्या हातून आली. कोणीतरी पहिल्यांदा तो परका दाणा उपासाच्या ताटात घेतला, पुढच्या पिढीने तो खाल्ला, आणि तिसऱ्या पिढीला तो अनादि वाटला. वारांच्या धर्माचा अधिकार ग्रंथातून खाली आलेला नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे आडवा चालत आला आहे. म्हणून सासूबाई करायच्या हे उत्तर टाळाटाळीचे नाही. या धर्माचा खरा आधार जो आहे तोच ते सांगते. शास्त्राचा आधार देणारा माणसाची दिशाभूल करण्याची शक्यता अधिक.

अशा आडव्या चालीने श्रद्धा किती लांबवर टिकू शकते, याचे उदाहरण मराठी मुलखातच आहे आणि ते हिंदूंचे नाही. कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल. आपले पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले आणि त्यांतली सात जोडपी वाचली, असे त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ गेले, हिब्रू गेली, पुरोहित नव्हता. ते मराठी बोलू लागले, गावांवरून आडनावे लावू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. राहिले काय? शनिवारी घाणा बंद. त्यावरून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. मुलाची सुंता, खाण्यातले काही निषेध, आणि शेमा या प्रार्थनेचे मोजके शब्द. कोचीनकडून आलेल्या डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने त्यांना ओळखले ते यावरूनच, अशी आठवण ते सांगतात. राहाबीच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. घरातल्या बायकांनी खवले-पर असलेली मासळी तेवढी निवडून घेतली आणि बाकीची बाजूला केली, ही त्या कथेतली खूण. का, असे त्यांना विचारले असते तर त्यांनी लेव्हीय पुस्तकाचा अध्याय सांगितला नसता. आमच्यात खात नाहीत, एवढेच म्हटले असते. ज्या समाजाकडे सिद्धांत जवळजवळ उरला नव्हता त्याने धर्म राखला, तो आठवड्याच्या एका दिवसाने आणि आजी-पणजीच्या शिकवणीने. पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर त्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका घेतली गेली, त्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असे जाहीर केले. ग्रंथ असलेल्यांनी ग्रंथ गमावलेल्यांची परीक्षा घेतली, आणि शनिवार पाळणारे उत्तीर्ण झाले.

यावर कोणी म्हणेल, की श्रद्धा टिकवायला कुटुंब उपयोगी पडते हे मान्य, पण टिकवणारे वेगळे आणि टिकलेले वेगळे. भांडे म्हणजे पाणी नव्हे. हा आक्षेप वजनदार आहे. पण आपल्या लोकधर्मात भांडे आणि पाणी असे वेगळे करता येत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. या ओव्यांत पंढरी माहेर आहे, विठ्ठल बाप आहे, रुक्मिणी आई आहे, आणि लगेच पुढच्या ओवीत भाऊ आहे, लेक आहे, गेलेली आई आहे. देवाची ओवी कुठे संपली आणि भावाची कुठे सुरू झाली, हे गाणारणीला वेगळे काढून दाखवावेसे वाटत नाही. दिव्याच्या अवसेला भिंतीवर लागणारा जिवतीचा कागद घ्या. नरसिंह आहे, कालियामर्दन करणारा कृष्ण आहे, हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती आहेत, आणि या सगळ्यांत अंगाखांद्यावर पोरे घेतलेल्या जरा-जिवंतिका. श्रावणातल्या शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ त्या कागदाला घातली जाते, सवाष्णीला दूध-फुटाणे दिले जातात, आणि मागितले जाते ते लेकराबाळांचे आयुष्य. इथे कुटुंब हा श्रद्धेचा विषयच आहे.

आणि श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तर या वादाचा निकालच लावते. राजाने हुकूम केला की महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा. गावाने घरातले सगळे दूध नेऊन ओतले, पोरे, वासरे उपाशी राहिली, गाभारा भरेना. एका म्हातारीने आधी घरातल्यांना, मुलाबाळांना, वासरांना दूध दिले, कामे आवरली, आणि उरलेले खुलभर दूध घेऊन ती देवळात गेली. तेवढ्याने गाभारा भरला. कहाणीची नायिका म्हातारी आहे हे ध्यानात घ्यावे. घरातली तोंडे आधी आणि देव मागाहून, हा क्रम तिने लावला, आणि देवाने तो मान्य केला. ही कहाणी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली त्यांना, उतारवयात कुटुंब विसरा आणि देव आठवा, असे सांगणारा प्रवचनकार ऐकायला बरा वाटत असेल, पण पटत नसणार.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र आपल्या घरातूनच येतो, आणि तो थेट ज्ञानेश्वरांचा आहे. 1290 मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणे येतात. तिथे दिवस पालटला की देव पालटणाऱ्या माणसाचे सविस्तर वर्णन आहे: एकादशीला विष्णूचा, नागपंचमीला नागांचा, चतुर्थी लागली की गणपतीचा, चतुर्दशीला दुर्गेचा, रविवारी भैरवाचे पात्र वाढणारा, सोमवार आला की बेल घेऊन लिंगाकडे धावणारा. आज ज्याला आपण आजीचा आठवडा म्हणतो त्याचेच हे चित्र आहे, सातशे वर्षांपूर्वीचे, आणि ते कौतुकाने काढलेले नाही. त्या वर्णनाच्या शेवटची उपमा इतकी जळजळीत आहे की भरल्या सभेत आजीबाईंसमोर ती उच्चारणे कीर्तनकारालाही जड जावे. संतांचा दाखला आपल्याला सोयीचा असेल तेव्हाच घ्यायचा, असे करता येत नाही. त्यामुळे हा आक्षेप नुसता टोलवून चालणार नाही.

ज्ञानेश्वरांचा रोख अनन्यतेवर आहे. जो मनात फळाचा हिशेब ठेवून या दारातून त्या दारात जातो, त्याचा कोणताच देव त्याचा नसतो, हे त्यांचे म्हणणे अचूक आहे, आणि नवस फेडण्यासाठी एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्राला धावणाऱ्या आजच्या तरुण गर्दीला ते तंतोतंत लागू पडते. पण ऐंशी वर्षांच्या माणसाचा आठवडा फळाच्या हिशेबाने चालतो काय? मागण्यासारखे बहुतेक मागून झालेले असते. काही मिळाले, काही मिळाले नाही, आणि नाही मिळाले म्हणून शनिवार बंद झाला नाही. ज्या देवाने नवस ऐकला नाही त्याच्यापुढेही दिवा लागतच राहतो. मागणे सरले तरी नेम सरत नाही, तेव्हा त्या नेमाला सौदा म्हणणे अन्याय आहे. एवढे मी ठामपणे म्हणेन. मात्र हा आठवडा म्हणजे ज्ञानेश्वरांना अभिप्रेत असलेली अनन्य भक्तीच आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ती उंची वेगळी. इथे जे आहे त्याला निष्ठा म्हणता येईल: देवांशी, आणि ज्यांनी देव दाखवले त्या माणसांशी. माझा दावा एवढाच आहे, की ही निष्ठा श्रद्धेच्या बाहेरची नाही.

दुसरा आक्षेप वैराग्याचा. मनुस्मृती सांगते की अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी. गीतेचा आठवा अध्याय सांगतो की अंतकाळी ज्या भावाचे स्मरण होते त्या भावाला माणूस जाऊन मिळतो. आणि भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरताची कथा भीती घालते: राज्य सोडून गेलेला राजा एका हरणाच्या पाडसात गुंतला आणि हरणाच्या जन्माला गेला. मग सासूबाईंच्या आठवणीत रमलेल्या म्हातारीचे काय होणार? पण त्याच भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळ आहे. मरणाच्या दारात त्याने हाक मारली ती आपल्या धाकट्या लाडक्या मुलाला, आणि मुलाचे नाव होते नारायण. हाक देवाला नव्हती, पोराला होती, मोहाची होती; तरी विष्णुदूत आले. दुसऱ्या कशाला उद्देशून, थट्टेने, सहज, अगदी हेटाळणीनेही घेतलेले नाव वाया जात नाही, असा निर्वाळा तिथे दिला आहे. अजामिळ त्या दिवशी मेलाही नाही. त्याला वेळ मिळाला, तो गंगाद्वारी गेला आणि मग त्याने साधना केली. भरताचे आणि अजामिळाचे प्रेम एकाच जातीचे होते. फरक एवढाच, की एकाच्या प्रेमात देवाचे नाव मिसळलेले होते आणि दुसऱ्याच्या प्रेमात नव्हते. वारांचा धर्म नेमके हेच करतो: आईच्या आठवणीत सोमवार मिसळतो, बापाच्या आठवणीत शनिवार. राहता राहिला वनवास. कलियुगात वर्ज्य म्हणून ज्या गोष्टींच्या याद्या धर्मशास्त्राने दिल्या त्यांत वानप्रस्थाश्रमही आहे. म्हातारपण घरातच काढायचे आहे हे शास्त्रकारांनीच पुढे मान्य केले म्हणायचे.

आता बुद्धिवाद्याकडे वळू. आगरकरांनी 1888 मध्ये सुधारक काढले, तेव्हापासून मराठीत हा प्रश्न सतत विचारला जातो: अर्थ न कळता केलेल्या आचाराला किंमत काय? प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. श्रद्धा म्हणजे एखाद्या विधानाला बुद्धीने दिलेली संमती, हे ते गृहीत. ते म्हातारपणाच्या कसोटीवर लावून पाहा. अल्झायमरसारख्या आजारात काल काय घडले ते आधी जाते, मग माणसांची नावे जातात. हातांना पडलेले वळण, लहानपणी पाठ झालेली गाणी आणि प्रार्थना मात्र पुष्कळदा बऱ्याच उशिरापर्यंत राहतात. स्मृतीचे हे दोन प्रकार वेगळे आहेत, हे ज्या रुग्णामुळे स्पष्ट झाले त्याच्या मेंदूवर 1953 मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. नवी आठवण त्याच्यापाशी टिकत नसे. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञाने त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारला, पण आपण हे आधी केले आहे हे त्याला एकदाही आठवले नाही. आता समजा, विठ्ठल कोण हे जिला सांगता येत नाही अशा बाईच्या ओठांवर हरिपाठ आहे आणि टाळ्या तालात पडताहेत. श्रद्धा म्हणजे संमती असेल, तर अमुक दिवशी तिची श्रद्धा संपली असे जाहीर करावे लागेल. असे म्हणायला निदान मी तरी तयार नाही, आणि आगरकरही झाले नसते असे मला वाटते.

पण हात ताऱ्याचीही आकृती गिरवतो, म्हणून काय त्याची ताऱ्यावर श्रद्धा होती? नव्हती. सवय आपोआप श्रद्धा होत नाही. कोणती सवय श्रद्धा ठरते, हे तिच्या मागच्या इतिहासावर अवलंबून असते. शनिवार मोडता आला असता अशा शेकडो वेळा येऊन गेलेल्या असतात: प्रवास, बाळंतपण, संप, घरातले मरण, नुसता कंटाळा. त्यांतल्या बहुतेक वेळी माणसाने ठरवून तो पाळला. आज जे विचार न करता होते, ते पूर्वी विचार करून केलेल्या निवडींचा साठा आहे. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत आठव्या अध्यायावर बोलताना विनोबा हाच धागा पकडतात. अंतकाळचे स्मरण ही ऐनवेळची करामत नाही, जन्मभर रोजच्या कर्मांतून जे संस्कार साठत जातात त्यांचे ते फळ आहे, आणि कर्मे विसरली तरी संस्कार राहतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. विस्मृतीच्या आजाराबद्दल विनोबा बोलत नव्हते. तरी त्या आजाराला यापेक्षा नेमके उत्तर मला दुसरीकडे आढळलेले नाही.

एक आक्षेप असा आहे की त्याला उत्तर देण्यापेक्षा तो मान्य करणे योग्य. कुटुंबाची आठवण जशी मायेची असते तशी जाचाचीही असते. वारांच्या या धर्माचा भार बाईच्या अंगावर पडला. नवऱ्याच्या आयुष्यासाठी तिचे उपास, तिच्यासाठी त्याचे कोणते? ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये स्त्री-पुरुष तुलना लिहून हा दुटप्पीपणा उघडा पाडला. आणि शुक्रवारचे दूध-फुटाणे सवाष्णीलाच मिळतात; नवरा गेल्यावर तीच बाई त्या पाटावरून उठवली जाते, तेही पुष्कळदा तिच्याच नात्यातल्या बायकांकडून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव 2022 साली करावा लागला. इतका उशीर. सासूबाई करायच्या हे उत्तर इथे पुरत नाही. पण निवड कशी करायची याचा एक निकष परंपरेतच आहे. शबरस्वामींनी मीमांसासूत्रांवरच्या भाष्यात असे म्हटले आहे, की ज्या स्मार्त आचारामागे लोभासारखे ऐहिक कारण उघड दिसते, यज्ञातले वस्त्र ऋत्विजाला मिळावे यासारखे, त्याला धर्माचे प्रामाण्य देता येत नाही. हाच निकष पुढे न्यावा. ज्या आठवणीमागे कोणाचा लोभ, कोणाचा दरारा किंवा कोणाचा अपमान उघड दिसतो, ती जपण्याचे बंधन नाही. विधवेला पाटावर बसवून तिच्या ओंजळीत फुटाणे घातले तर शुक्रवार मोडत नाही.

उपासाचे म्हणाल तर शास्त्र घरच्या मंडळींपेक्षा मऊ आहे. एकादशीचा नियम आठ वर्षांच्या वरच्यांना आणि ऐंशीच्या आतल्यांना, असे निबंधग्रंथ सांगतात. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, गुरूचे वचन आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, हेही जुनेच वचन आहे. मधुमेहाची गोळी घेऊन वर दोन घास खाल्ले तर सोमवार बुडाला असे मानणाऱ्या आजोबांना हे सांगावे, आणि सांगताना शास्त्राचे नाव घ्यावे. डॉक्टरचे नाव घेऊन काम भागत नाही असा सर्वत्र अनुभव आहे.

ज्यांच्या आठवड्यात देव नाही अशी वृद्ध माणसेही आहेत. त्यांच्या रविवारच्या वाचनाला किंवा गुरुवारच्या गाण्याच्या बैठकीला मी ओढूनताणून धर्म म्हणणार नाही. त्यांनाही ते रुचणार नाही.

शेवटी एक विनंती, ज्यांच्या हातात वृद्धांची व्यवस्था आहे त्यांना: वृद्धाश्रम चालवणाऱ्यांना, घरी सांभाळणाऱ्या सुनांना-मुलांना, परदेशातून पैसे पाठवून माणूस ठेवणाऱ्यांना. नव्या जागी आणलेल्या माणसाचे आजार, गोळ्या, पथ्य हे सगळे आपण लिहून घेतो. त्याच कागदावर सात ओळी वाढवाव्यात. सोमवारी काय करता, मंगळवारी काय, असे रविवारपर्यंत विचारावे, आणि प्रत्येक ओळीपुढे हे कोणाकडून शिकलात तेही लिहून घ्यावे. हे काम त्यांना आठवते आहे तोवरच करावे. पुढे त्यांना सांगता आले नाही, तरी शुक्रवारी वाटीत फुटाणे ठेवायचे हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत असेल.